शून्याचे वीस टक्के

आमचा पुतण्या इंडिपेंडंट म्युझिशियन आहे. म्हणजे गाणं तो लिहितो, चाल तोच लावतो, कपाटात रजया टांगून रेकॉर्डिंगही तोच करतो आणि लाइट बिल माझा भाऊ भरतो. परवा म्हणाला, "काका, आता मॅनेजर पाहिजे."

स्थळं बघणं सुरू झालं. पहिल्यानं फॉलोअर्स विचारले. 412, त्यात आमचं घराणं 19. "दहा हजार झाले की या." दुसऱ्याला 20 टक्के कमिशन हवं होतं, वर महिन्याचा पगार वेगळा. आता, ज्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत हजार स्ट्रीम नाहीत, त्याला स्पॉटिफाय 2024 पासून दमडी देत नाही. पुतण्याची अकराच्या अकरा गाणी त्यातलीच. शून्याचे वीस टक्के किती, हे आम्ही दोनदा करून पाहिलं.

"एपस्टाइननं 1961 मध्ये बीटल्सना तळघरातल्या क्लबात ऐकलं आणि त्यांचा मॅनेजर झाला..." पुतण्या म्हणाला. खरंय. पण एपस्टाइनच्या घरचं रेकॉर्डचं दुकान होतं. आणि एल्विसचा मॅनेजर कर्नल पार्कर पुढे निम्म्यापर्यंत हिस्सा घ्यायचा, पण तो एल्विसच्या कमाईचा!

शेवटी त्याला नारायणगावला नेलं. जत्रांच्या दिवसांत तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. आत टेबल, मोकळ्या तारखा आणि मॅनेजर. गावकारभारी आले, अष्टमीची तारीख मागितली. मॅनेजरनं आकडा सांगितला आणि गप्प बसला. नुसता गप्प. चहा आला, निवला, कारभारी आपसात कुजबुजले, आणि सुपारी फुटली.

"यांनी रील मागितली नाही?" पुतण्यानं हळूच विचारलं.

परतताना एका कॅफेवाल्याचा फोन आला. शनिवारी वाजवा, बजेट नाही, पण एक्सपोजर भरपूर. पुतण्या सवयीनं "तुम्ही द्याल ते" म्हणणार, तेवढ्यात मी फोन हिसकावला. "मॅनेजर बोलतोय. आठ हजार." आणि गप्प बसलो. तोही गप्प. चाकणचा ट्रॅफिक पार झाला तरी दोघंही गप्प.

"सर," तो अखेर म्हणाला, "दोन पिझ्झा देतो."

शनिवारी सोळा तुकडे आले. माझे वीस टक्के, म्हणजे तीन तुकडे आणि चौथ्याचं टोक, मी साउंड चेकच्या आधीच वसूल केले.