शटर पडलं की भाव पडतो

घरात लग्न, मुंज किंवा पाळणा, यांपैकी काहीही निघालं की मराठी कुटुंबप्रमुखाला 'चांगला कॅमेरा' घ्यायची उबळ येते. मोबाइलने तोवर हजारो फोटो काढलेले असतात, पण मागची भिंत धूसर दिसत नाही म्हणजे तो काय फोटो? शिवाय 1 जानेवारी 2019 पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलेला. म्हणजे न घेतला तर नुकसानच, हे गणित घरात समजावून सांगितलं जातं.

बॉडी आणि किट लेन्स घरी येते. देवघराच्या अंधारात किट लेन्सला सत्यनारायण दिसत नाही, म्हणून 50 एमएम येते. तिच्यात सगळे भाऊबंद मावत नाहीत, म्हणून वाइड येते. ताडोबात वाघ ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून टेली येते. टेली जड, म्हणून ट्रायपॉड. मग पावसाळा येतो आणि लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून ड्राय कॅबिनेट. आजोबा दमट हवेत पंख्यावर भागवतात. लेन्सला मात्र 40 ते 50 टक्के आर्द्रतेचं, आत दिवा असलेलं स्वतंत्र कपाट.

एवढं जमलं की कंपनी माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स अडकवायची खाच, बदलते. कॅननने 1987 मध्ये एफडी सोडून ईएफ आणला, 2018 मध्ये आरएफ. निकॉनने 1959 चा एफ माउंट निष्ठेने सांभाळला, पण 2018 मध्ये झेड आणलाच. जुन्या लेन्सची सोय अडॅप्टर नावाच्या वृद्धाश्रमात होते. त्याचा खर्चही अर्थात मुलांकडेच.

मग विकायची वेळ. जाहिरात ठरलेली: 'घरगुती वापर, बिल-बॉक्ससकट, एकही ओरखडा नाही.' गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "शटर काउंट किती? म्हणजे आजवर शटर किती वेळा पडलं?" मालक छाती फुगवून सांगतो, "फक्त दोन हजार!" छंद म्हणून घेतलेली वस्तू आपण वापरलीच नाही, हे अभिमानाने सांगायची सोय याच बाजारात आहे. रोज पहाटे उठून पक्षी टिपणाऱ्याला भाव कमी. कपाटात ठेवून झोपणाऱ्याला जास्त. तरी गिऱ्हाईक लेन्स डोळ्यासमोर धरतं, मागून मोबाइलचा टॉर्च मारतं, जीभ टाळूला लावून 'च्च' करतं आणि म्हणतं, "थोडी फंगस आहे. लास्ट किती?"

समजा, 80 हजारांचा कॅमेरा तीन वर्षांनी 35 हजारांना गेला आणि भिंतीवर तीन फोटो लागले. फोटोमागे 15 हजार पडले, लेन्स वेगळ्या. एवढ्यात गावातला फोटोग्राफर तिन्ही समारंभांना जेवणासकट आला असता आणि कुटुंबप्रमुखही एखाद्या फोटोत दिसला असता.

तेव्हा वाचकहो, कॅमेरा घ्यायचाच असेल तर अशा झोपाळू मालकाचा, बिल पाहून, लेन्समध्ये टॉर्च मारून, सेकंड हँड घ्या. आणि परत विकायचा विचार सोडून शटर बंद पडेपर्यंत वापरा. तोटा होईलच, पण निदान फोटो तरी निघतील.