एक भांडं, सहा काटे

जगात बहुतेक ठिकाणी आचारी रांधतो, वाढपी वाढतो आणि गिऱ्हाईक पैसे देतं. स्विस लोकांनी या व्यवस्थेत सुधारणा केली. टेबलावर शेगडी, शेगडीवर चीजचं भांडं. ढवळायचं गिऱ्हाइकाने, तळाला लागू नये म्हणून आच सांभाळायची गिऱ्हाइकाने, आणि काट्याला टोचलेला पावाचा तुकडा बुडवून, फिरवून, जीभ न भाजता तोंडात घालायची जबाबदारीही त्याचीच. पैसे देण्याचा भाग तेवढा त्यांनी जुन्या पद्धतीनेच चालू ठेवला आहे. या सुधारणेचं नाव फॉन्ड्यू.

झुरिकच्या जुन्या पेठेत, नीडरडॉर्फमध्ये, आम्ही सहा जण ही सुधारणा अनुभवायला गेलो. एक जोडपं तिथे नोकरीनिमित्त राहणारं, म्हणून मार्गदर्शक. बाकीचे आम्ही पुण्याहून आलेले, म्हणून जाणकार. मेनूकार्डाच्या पहिल्याच पानावर एक गुराखी होता. बिचारा बर्फात अडकलेला, हाताशी शिळा पाव आणि वाळून कडक झालेलं चीज. अन्न वाया जाऊ नये म्हणून त्याने ते वाइनमध्ये वितळवलं आणि फॉन्ड्यू जन्माला आलं, अशी कथा. खाली गरिबीचा दर छापला होता : माणशी बत्तीस फ्रँक, किमान दोन माणसं. फ्रँकला शंभर रुपये धरले तरी शिळ्या पावाला तीन हजारांच्या वर. आमच्यातल्या हिशेबनीस मित्राने मेनूकार्ड मिटलं, पुन्हा उघडलं, पण आकडा तोच होता.

गुराख्याची कथा छानच आहे, फक्त तिच्यात गुराखी नाही. वाइनमध्ये चीज शिजवण्याची जुनी कृती सापडते ती १६९९ सालच्या झुरिकच्या एका पाककृतींच्या वहीत, म्हणजे चांगल्या खात्यापित्या शहरी घरात. ग्रुयेर चीज हा बाजारात नेऊन रोख पैसे करण्याचा माल; डोंगरातला माणूस तो बनवायचा आणि विकायचा, भांडंभर वितळवून बसायचा नाही. पुढे १८२५ मध्ये ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच खवय्याने फॉन्ड्यूची कृती छापली, तीत चक्क अंडी आहेत. ते आज कुठल्या स्विस माणसाला वाढलं तर तो पोलीस बोलावेल.

मग हे 'राष्ट्रीय खाद्य' झालं कसं? इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने जरा सावरून बसावं, कारण गोष्ट ओळखीची वाटणार आहे. १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, तिथे चीज संघ स्थापन झाला. दुधाचा भाव, चीजचा भाव, कोणी किती बनवायचं, कोणाला विकायचं, सगळं संघ ठरवणार. आणि बनवायचं ते मुख्यतः एमेंटाल, ग्रुयेर आणि स्ब्रिंझ एवढंच. भाव बांधून दिला की माल वाढतो, हे आपल्याला उसाने शिकवलंच आहे. आपण अशा वेळी अनुदान मागतो, मोर्चा काढतो, फार तर मंत्र्यांच्या घरापुढे साखर ओततो. स्विस माणूस थंड डोक्याचा. १९३०च्या दशकात संघाने जाहीर करून टाकलं की एका बैठकीत माणशी पावशेराच्या आसपास चीज संपवणारा हा पदार्थ म्हणजे देशाचा आत्मा आहे. जर्मन बोलणारे, फ्रेंच बोलणारे, इटालियन बोलणारे, सगळे एका भांड्याभोवती! दुसऱ्या महायुद्धानंतर फॉन्ड्यू लष्कराच्या पाककृती-पुस्तकात गेलं. तिथे सक्तीची लष्करी सेवा. गावोगावचे पोरगे बराकीत ते शिकले आणि घरी येऊन 'आपली परंपरा' म्हणून आयांना शिकवू लागले. आपल्या साखरसम्राटांना हे वेळेत सुचलं असतं, तर आज एकतारी पाक हे महाराष्ट्राचं राज्यपेय असतं आणि एनसीसीच्या मुलांना तो परेडनंतर सक्तीने पाजला गेला असता.

असो. भांडं आलं. अर्धं ग्रुयेर, अर्धं फ्रिबुर्गचं व्हाशरँ, आतून लसूण चोळलेलं मातीचं भांडं, पांढरी वाइन, थोडं कॉर्नस्टार्च, जायफळ, मिरी आणि चेरीपासून गाळलेली किर्श नावाची दारू. काट्यांच्या मुठींना वेगवेगळ्या रंगांचे ठिपके. लाल, निळा, हिरवा. आपला काटा कोणता यावरून मित्रामित्रांत वाद होऊ नयेत म्हणून ही सोय. संकेतही सक्त : काट्याला ओठ लावायचा नाही, तुकडा दातांनी अलगद ओढून घ्यायचा, कारण तोच काटा पुन्हा सगळ्यांच्या भांड्यात जाणार. आमच्याबरोबरच्या मावशींनी हे ऐकलं आणि त्यांच्यातला उष्ट्या-खरकट्याचा निरीक्षक जागा झाला. त्यानंतर त्या जेवल्या कमी आणि टेहळणी जास्त. "निळा, तुझा ओठ लागला!" "हिरवा, बशीत काढ आधी!" आजूबाजूची स्विस मंडळी कौतुकाने पाहत होती. नियम इतक्या काटेकोरपणे पाळणारे पर्यटक त्यांनी पूर्वी पाहिले नसावेत.

खरा पेच पुढेच होता. आमच्यातल्या वहिनी शाकाहारी. "चीज म्हणजे दूधच ना," म्हणून निर्धास्त बसलेल्या. तिथे राहणाऱ्या मित्राला नेमक्या त्याच वेळी ज्ञान पाजळायची हुक्की आली. म्हणाला, "ग्रुयेरचं नाव लावायचं तर दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेटच लागतं, तसा नियमच आहे." वहिनींचा काटा हवेत थांबला. टेबलावर शांतता. तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी शास्त्रार्थ काढला : वस्तू अग्नीवर आहे, अग्नीने दोष जातो. वाइनचं काय? तीही अग्नीवरच, उडून जाते. आणि किर्श? "ती औषधापुरती." सगळी वाइन उडत नाही हे मला ठाऊक होतं, पण बत्तीस फ्रँक भरलेल्या घरात शास्त्राला आव्हान देणं बरं दिसत नाही. वहिनींनी उकडलेल्या बटाट्यावर आणि काकडीच्या लोणच्यावर निभावलं, बटाटा मात्र भांड्याच्या फार जवळून नेला.

पाव कापण्यातही मेख असते. प्रत्येक तुकड्याला कड हवी. काटा मऊ भागातून घुसून कडेत रुतला पाहिजे, नाहीतर तुकडा सुटतो. ज्याचा सुटला त्याला दंड, बहुधा सगळ्यांना वाइन पाजायची. १९७० साली आलेल्या स्वित्झर्लंडच्या सफरीवरच्या ॲस्टेरिक्सच्या चित्रकथा-पुस्तकात तर पाव हरवणाऱ्याला शेवटी तळ्यात फेकतात. आमच्याकडे पहिला तुकडा पडला तो हिशेबनीसाचा. त्याने लगेच बाजू मांडली की तुकड्याला कडच नव्हती, म्हणजे दोष हॉटेलचा, म्हणजे दंड हॉटेलला. अर्ज, प्रतिअर्ज आणि सुनावणी चालू असताना ढवळायचं काम कोणीच करेना. फॉन्ड्यू ही गोष्ट सभेसारखी सोडून देता येत नाही. वाइनमधलं आम्ल चीजला एकजीव ठेवतं, स्टार्च त्याला धरून ठेवतो, पण हात थांबला आणि आच वाढली की तूप वेगळं आणि गोळा वेगळा. शेवटी मावशींनीच काटा हातात घेतला, इंग्रजी आठाच्या आकारात भराभर फिरवला आणि वेटरकडून थोडी वाइन मागवून आत ओतली. भांडं सावरलं. खटला मात्र प्रलंबित राहिला.

पाणी मागितल्यावर वेटरने असं तोंड केलं, जणू आम्ही विष मागितलं. थंड पाण्याने पोटात चीजचा दगड होतो, तेव्हा चहा घ्या किंवा पांढरी वाइन, हा तिथला घराघरातला समज. यावर खरंच संशोधन झालं आहे. २०१० मध्ये वीस निरोगी माणसांना फॉन्ड्यू खायला घालून कोणाला वाइन, कोणाला काळा चहा दिला आणि पोटं तपासली, ते निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. वाइनवाल्यांचं पोट उशिरा रिकामं झालं, चहावाल्यांचं लवकर. त्रास मात्र दोघांना सारखाच. इतिहासात प्रथमच विज्ञानाने चहाच्या बाजूने कौल दिला म्हणून आम्ही चौघांनी चहा मागवला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. विज्ञानाची किंमत असते.

शेवटी भांड्याच्या तळाला खरपूस पापुद्रा उरतो. हीच खरी मेजवानी, असं जाणकार सांगतात. मावशींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर खरवड!" पुढचं दोन मिनिटांत झालं. निळा, हिरवा, लाल, सगळे काटे एकदम आत; उष्ट्याचा नियम मावशींनी स्वतःच निलंबित केला. राष्ट्रीय ऐक्याची जाहिरात करणाऱ्या चीज संघाने हे दृश्य पाहायला हवं होतं, पण तो १९९९ मध्येच बरखास्त झाला.

गोड म्हणून चॉकलेट फॉन्ड्यू सुचवण्यात आलं. ते तर स्वित्झर्लंडचंही नव्हे, १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या एका स्विस हॉटेलात निघालेलं. आपल्याकडच्या लग्नात जो चॉकलेटचा धबधबा असतो आणि ज्याखाली कोणाचा तरी भाचा बाही बुडवतो, तो याच कुळातला. आम्ही नको म्हणालो, कारण बिल आलं होतं.

तेव्हा झुरिकला जाणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं. सहा जणांनी दोन भांडी मागवा, त्यातलं एक शाकाहारी, तेही चौकशी करूनच. पावाची कड तपासून घ्या. बिल कसं वाटायचं ते बसण्याआधी ठरवा आणि लिहून घ्या. आणि चांगला लोकरी कोट मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून जा. चीजचा वास त्याला आठवडाभर सोडत नाही.