समोरच्यांचीही गेली का?

घरातली वीज गेली की पहिली तपासणी खिडकीतून होते. समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार दिसला की सगळ्यांना हायसं वाटतं. मेणबत्ती शोधायलाही कुणी उठत नाही. त्यांच्याकडे मालिका चालू असेल तर मात्र प्रकरण गंभीर. मग 'बिल भरलंय ना?' असं, ज्याने भरायचं असतं तोच इतरांना दरडावून विचारतो.

यानंतर बोर्डाखाली परिषद भरते. पडलेला स्विच दिसतो, कुणीतरी तो वर ढकलतं, तो पुन्हा पडतो. मग आणखी जोर लावून ढकलतात. हा पडणारा स्विच म्हणजे आरसीसीबी. बिचाऱ्याचं काम एवढंच: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, हे बघायचं. घरातल्या आरसीसीबीला साधारण 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की तो पुरवठा तोडतो. इतका चोख हिशेब ठेवणारं घरात दुसरं कुणी नसल्यामुळे त्यालाच 'बाद' ठरवतात. खरं तर सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे स्विच, खाली करून आधी त्याला वर करावं, मग एकेक एमसीबी चढवावा. ज्याच्यापाशी पुन्हा अंधार होईल, बहुतेक वेळा त्याच लाइनवर दोष. संशयित नंबर एक : बाथरूमचा गिझर, कॉइल गेलेला.

पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे जाणकार काका खिशाला टेस्टर लावून येतात आणि 'आरसीसीबी काढून डायरेक्ट करून टाकू, कटकटच नको,' असा सल्ला देतात. सगळे माना डोलावतात. तसं खरंच करायचं ठरलं, तर त्या गिझरच्या पाण्याने पहिली आंघोळ करण्याचा मान काकांनाच द्यावा.