माजी मुंबईकर

माजी आमदार, माजी सैनिक आणि माजी मुंबईकर, या तिघांच्या अंगातून ते पद कधीच उतरत नाही. पहिल्या दोघांना निदान पेन्शन तरी मिळतं. माजी मुंबईकराला काहीच मिळत नाही. म्हणून तो वर्षातून एखादा शनिवार-रविवार बायकोमुलांना मुंबई दाखवायला नेतो आणि सगळी वसुली तिथे करतो.

हा राहतो पुण्यात. कोथरूडला, वारज्याला, फार तर पिंपळे सौदागरला. नोकरीच्या निमित्तानं आला, फ्लॅट घेतला, रविवारी दुपारी झोपायलाही शिकला. पण टीव्हीवर हिंदमाताला पाणी तुंबलेलं दिसलं की याची छाती फुगते. ‘‘हे काहीच नाही. आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून घरी जायचो,’’ असं तो अशा थाटात सांगतो, की पाणी त्यानंच भरलं होतं असं वाटावं. पुण्यातल्या पीएमपीच्या बसमध्ये हा माणूस कित्येक वर्षांत चढलेला नाही. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी स्कूटर काढतो. मुंबईत मात्र टॅक्सीचं नाव काढलेलं त्याला खपत नाही. ‘‘टॅक्सीतून मुंबई दिसत नाही. मुंबई बघायची ती लोकलनं, बेस्टनं आणि पायी!’’

ऐकणारे तिघं. थोरली अकरावीत, धाकटा आठवीत आणि बायको मूळची साताऱ्याची. दोन्ही मुलांचं वय असं, की आईबापांबरोबर रस्त्यानं चालताना दहा पावलं पुढे किंवा दहा पावलं मागे राहावं लागतं. हा त्यांना शुक्रवारी रात्री हॉलमध्ये बसवून तालीम देतो. सॅक पाठीला नाही, पोटावर लावायची. पाकीट पुढच्या खिशात. उतरायच्या आधी दोन स्टेशनं उठायचं आणि पुढच्याला ‘दादर?’ असं विचारायचं. तो ‘हो’ म्हणाला तर गप्प उभं राहायचं, ‘नाही’ म्हणाला तर त्याच्या पुढे जायचं. बरोबर कोणत्या बाजूला फलाट येतो हे त्याला पाठ असतं. मुलं मान डोलावतात. मुलीच्या कानात काहीतरी खुपसलेलं असतं, हे त्याच्या शेवटी लक्षात येतं.

सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन. ती १९३० साली सुरू झाली, तिला डायनिंग कार आहे, हे सांगून झाल्यावर तो चीज टोस्ट मागवतो आणि कर्जतपासूनच उठून दारात उभा राहतो. आतल्या बाकावर बसून मुंबईत शिरणं त्याला कमीपणाचं वाटतं.

सीएसएमटीला उतरल्यावर त्याचं भाषण सुरू होतं. स्टेशनाला तो अजून व्हीटीच म्हणतो. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम सुरू झालं १८७८ ला, त्याला दहा वर्षं लागली, २००४ साली जागतिक वारशात नाव गेलं. हे त्यानं आदल्या रात्री वाचून ठेवलेलं असतं. मुलगी मात्र मान वर करून दगडातले मोर, माकडं शोधत असते. मग ती रस्त्याकडच्या फाटकाशी जाते आणि विचारते, ‘‘बाबा, या खांबावर सिंह आहे आणि त्या खांबावर वाघ. असं का?’’

माजी मुंबईकर चपापतो. सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला, हे मुलगीच मोबाईलवर बघून त्याला सांगते. याच फाटकावरून तो वर्षानुवर्षं रोज गेलेला असतो. पण रोज ९.५७ ला उतरून दहा वाजून दहाला मस्टरवर सही करणाऱ्या माणसानं वर बघायचं नसतं. वर बघितलं की मागचा शिव्या देतो. मुंबईत त्याला गाडी कुठे थांबते, कुठला जिना रिकामा असतो, कुठल्या टपरीवर सुटे मिळतात, हे सगळं ठाऊक. मुंबई बघायची राहूनच गेली. घारापुरीची लेणी त्यानं आयुष्यात पाहिलेली नाहीत. तिकडे पाहुण्यांना घेऊन जायचं असतं, आणि पाहुणे नेहमी धाकट्या काकांकडे उतरायचे.

पण हे कबूल करेल तो माजी मुंबईकर कसला! ‘‘चला, दहा मिनिटांवर काळा घोडा,’’ तो म्हणतो. मुंबईतलं प्रत्येक ठिकाण त्याच्या हिशेबात दहा मिनिटांवर असतं. हुतात्मा चौक दहा मिनिटं, तिथून गेटवे दहा मिनिटं, गेटवेवरून चर्चगेटही दहा मिनिटं. ही दहा मिनिटं तो पंचविशीत चालत असे. आता मागे एक सॅक, दोन पाण्याच्या बाटल्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेतलेली बायको असते, हे त्यानं धरलेलं नसतं.

काळा घोडा हा त्याचा हुकमी एक्का. रस्त्यातच मुलांना थांबवून तो हळू आवाजात सांगतो, ‘‘आता गंमत बघा. या भागाचं नाव काळा घोडा, पण इथे घोडाच नाही! सातव्या एडवर्डचा पुतळा होता, १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला. आता नुसतं पार्किंग.’’

धाकटा समोर बोट दाखवतो. ‘‘मग तो काय आहे?’’

समोर चौथऱ्यावर काळा कुळकुळीत घोडा उभा. पाठीवर राजा नाही, खोगीर नाही, नुसता घोडा. हा २०१७ साली बसवला. माजी मुंबईकर बराच वेळ त्या घोड्याकडे, कुणीतरी न विचारता घरात नवं फर्निचर आणून ठेवावं, अशा नजरेनं बघत राहतो. शेवटी म्हणतो, ‘‘हा खरा नव्हे.’’

गेटवेला हीच गत. पंचम जॉर्ज आला त्याच्या स्वागताला ही कमान बांधली, असं तो ऐटीत सांगतो. ‘‘राजा आला १९११ ला, कमान पुरी झाली १९२४ ला. मग तो आला कशाखालून?’’ मुलगी विचारते. राजाला पुठ्ठ्याचा नमुना दाखवून भागवलं होतं, हेही तिलाच सापडतं. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची इंग्रज पलटण याच कमानीखालून गेली, हे वाचून धाकटा खूश होतो. ‘‘म्हणजे यायला पुठ्ठा आणि जायला दगड!’’ दिवसभरातलं सगळ्यात चांगलं वाक्य मुलानं बोलावं, हे बापाला जरा लागतं. पण पुण्यात गेल्यावर तेच वाक्य तो स्वतःचं म्हणून सोसायटीत सांगणार असतो.

मग डबल डेकर. वरच्या मजल्यावरची पुढची सीट, समोरून येणारं वारं, कंडक्टरची ‘टिंग टिंग’, याचं वर्णन मुलांनी लोणावळ्यापासून ऐकलेलं असतं. जुन्या डिझेलच्या डबल डेकर २०२३ च्या सप्टेंबरात कायमच्या गेल्या, ही बातमी त्यानं वाचली होती, मनाला लावून घेतली होती आणि विसरलाही होता. आता येते ती लाल, विजेवरची, एसी गाडी. काचा बंद. वारं नाही. पण मुलं वर धावतात, पुढची सीट पटकावतात आणि दिवसात पहिल्यांदा दोघांचेही मोबाईल खिशात जातात. ‘‘बाबा, भारी आहे!’’ असं मुलगी म्हणते. त्यावर याचं उत्तर, ‘‘हो, पण वारं नाही.’’ १९६४ साली ट्राम बंद झाल्या तेव्हा त्याचे वडील अगदी याच सुरात बोलले असणार.

नवी मेट्रो त्याला मुळात मान्यच नसते. ‘‘जमिनीखालून जाऊन काय बघणार?’’ मुलगी त्याचं ऐकून न घेता चौघांची तिकिटं मोबाईलवर काढते. हुतात्मा चौकाला सरकत्या जिन्यांवरून खाली, अजून खाली, असं जाताना तो कठडा घट्ट धरतो. आत चकचकीत शांतता, कुणी कुणाला ढकलत नाही. लोक चक्क उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात. हे बघून तो कमालीचा अस्वस्थ होतो. डब्यात काळ्या काचेबाहेर काही दिसत नसतानाही त्याचं मार्गदर्शन थांबत नाही. ‘‘आता आपण व्हीटीच्या खाली... आता वर काळबादेवी... इथे वर उजवीकडे कुल्फीवाला...’’ डब्यातली अनोळखी माणसंही आदरानं छताकडे बघू लागतात.

गिरगावला तो सगळ्यांना उतरवतो. इथे त्याची चाळ. मेट्रोच्या दारातून वर येतो, आणि चार पावलांवर थबकतो. कोपरा ओळखीचा वाटत नाही. समोर पत्र्यांचं कुंपण, मागे क्रेन, जिथे इराण्याचं हॉटेल हवं तिथे काचेचं दुकान. तो डावीकडे जातो, परत येतो, उजवीकडे जातो. ज्या माणसानं दिवसभर गूगल मॅपला ‘ते यंत्र’ म्हटलं, त्याच्या हातात शेवटी मुलगी न बोलता मोबाईल देते. निळा ठिपका गल्लीत वळतो, त्यामागे हा वळतो. चाळ असते. अर्धी. लाकडी जिना तोच, कठड्यावर वाळत घातलेली चादरही कदाचित तीच. तो मुलांना तिसऱ्या मजल्यावरचं दार दाखवतो, क्रिकेट खेळताना फोडलेल्या काचेचं घर दाखवतो. आणि इथे मुलं पहिल्यांदा काहीही न तपासता ऐकतात, कारण हे कुठल्याच ॲपमध्ये नसतं.

संध्याकाळी मुलुंडला मेहुणीकडे मुक्काम. चर्नी रोडहून दादर, दादरला गाडी बदलायची. तिकिटाच्या खिडकीपाशी हा बुचकळ्यात पडतो. जन्मभर पास काढलेला असल्यानं तिकीट कसं काढतात, हे त्याला माहीतच नाही. उपनगरी गाड्यांचं एक, तीन, पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, हे खिडकीतल्या बाईंकडून त्याला आत्ता कळतं. पर्यटक हा शब्द स्वतःच्या तिकिटावर नको म्हणून तो साधं तिकीट घेतो.

दादरच्या पुलावर तर खरी परीक्षा. ‘‘सेंट्रलचा एक नंबर इकडे!’’ म्हणत तो गर्दीत मुसंडी मारतो. २०२३ च्या डिसेंबरात दादरचे फलाट नव्यानं मोजले गेले. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे पुढे ८ ते १४ झाले. हा सेंट्रलचा एक नंबर शोधतो आणि चर्चगेट-बोरिवलीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. तोवर बायको पुलावरच्या पाटीखाली शांतपणे उभी असते. ‘‘अहो, पाटी वाचा ना,’’ एवढंच म्हणते आणि मुलीला घेऊन लेडीज डब्याकडे जाते.

बापलेक जनरलमध्ये. तिथे लक्षात येतं, की धाकटा लोकलचा भक्त आहे. गाडी फलाटात शिरताना नुसत्या मोटरच्या आवाजावरून तो ‘‘ही सीमेन्सची, ती बम्बार्डियरची’’ असं सांगतो. मुंबईच्या लोकल पूर्वी डीसीवर धावायच्या, आता पंचवीस हजार व्होल्टच्या एसीवर धावतात, हेही त्याला ठाऊक. बाप एका हातानं वरची कडी आणि दुसऱ्या हातानं पोटावरची सॅक धरून, पाठीला कुणाचा तरी कोपर लागलेला असताना, हे सगळं मुकाट ऐकून घेतो. मुलुंडला उतरल्यावर कळतं, की लेडीजमध्ये दोघींना कुर्ल्यालाच जागा मिळाली. बायकोनं शेजारणीकडून कोबीच्या वड्यांची कृती घेतली, फेरीवालीकडून कानातले तीन जोड घेतले, आणि उद्या मेगाब्लॉक आहे ही बातमीही तिनंच आणली.

रविवार आणि मेगाब्लॉक! माजी मुंबईकर हे समीकरणच विसरला होता. सकाळी फलाटावर माणूस मावत नाही. धिम्या गाड्या जलद मार्गावर, मधली काही स्टेशनं गाळून. भायखळ्याला राणीची बाग बघायला निघालेली चार माणसं गर्दीत उभी. आणि इथे या माणसाचा चेहरा खुलतो! घोडा बदलला, बस बदलली, फलाटाचे आकडे बदलले, पण ही गर्दी तीच आहे. तो कोपर काढतो, मुलाला पुढे घालतो, बायकोला ‘दोन नंबरचं दार!’ म्हणून ओरडतो, आणि चौघांना आत कोंबतो. आत गेल्यावर घामानं निथळत, एका पायावर उभा राहून, मुलांकडे बघून हसतो. ‘‘ही मुंबई!’’

राणीच्या बागेत पेंग्विन असतात, शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात त्याचा तो खरा, राजा पाठीवर घेतलेला काळा घोडा असतो. ‘‘बघितलंत?’’ असं तो तीन वेळा विचारतो. मुलं दोन्ही घोड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावतात आणि नवा आपल्याला जास्त आवडला, असं एकमतानं जाहीर करतात. त्याच्यावर कुणी बसलेलं नाही म्हणून.

सोमवारी हा पुन्हा कोथिंबिरीसाठी स्कूटर काढतो. मुलं मात्र पुढच्या खेपेला दोघंच जायचं, असं ठरवून बसलेली असतात, आणि यात खरं यश त्याचंच आहे. पुण्यात ज्यांना क्लासला सोडायला-आणायला माणूस लागतो, ती दोन मुलं तीन प्रकारच्या गाड्या बदलून एक महानगर पालथं घालायला शिकली. तेही, बाप सतत चुकीच्या दिशेला वळत असल्यामुळे.

तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याला वर्षातून एकदा जरूर न्या. नकाशा आणि तिकिटं मुलांकडे सोपवा, बोलायचं काम त्याच्याकडे ठेवा, आणि मेगाब्लॉक आहे हे आधी कळलं तरी त्याला सांगू नका. फक्त बुधवारी जाऊ नका. बुधवारी राणीची बाग बंद असते, आणि बंद फाटकासमोर उभा राहून ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे तो तुम्हाला पुण्यापर्यंत ऐकवेल.