भिंगवाले काका

बुधवार-रविवार मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो आणि पुण्यातले भिंगवाले काका तिथे हजर होतात. खरं तर काका आधी येतात, बाजार मागून भरतो. खांद्याला शबनम, तिच्यात भिंग, लोहचुंबक आणि घरची पाण्याची बाटली. बाकीचे लोक भाव विचारतात, काका वस्तूचं वय विचारतात. सांगितलेल्या वयावर त्यांचा कधीच विश्वास बसत नाही.

"व्हिक्टोरिया राणीच्या काळातला पीस आहे," ग्रामोफोनच्या पितळी कर्ण्यावर फडकं मारत विक्रेता म्हणतो. काका काही न बोलता ग्रामोफोन आडवा करतात. तळाला चार स्क्रू, चारींच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह.

"राणी गेली 1901 मध्ये. या फुलीच्या स्क्रूचं पेटंट 1936 चं."

"स्क्रू नंतर बदललेत, काका."

"सगळे हेच म्हणतात," असं म्हणून काका असे हसतात, की शेजारचा कुलूपवाला आपला माल हळूच झाकून घेतो.

काकांची विद्या खरी आहे, हे मान्य करायला हवं. 'स्वातंत्र्यापूर्वीची' म्हणून मांडलेली इनॅमलची पाटी ते दुरूनच बाद करतात, कारण तिच्यावर 'पुणे 411 030' असतं आणि पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. त्याआधी नुसतं 'पुणे 30' पुरायचं. एखाद्या डब्यावर किंमत 'नये पैसे'मध्ये छापलेली दिसली की ते खूश होतात. तो डबा 1957 ते 1964 मधला, वादच नाही. राम-सीता-हनुमानाचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं नाणं कुणी दाखवलं, तर मात्र त्यांचा पारा चढतो. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. ते तांदूळ ओढून घेतं असं सांगून लोकांना लाखांना गंडवलं जातं, तेव्हा काकांच्या मते तांदळाबरोबर अक्कलही ओढली जाते.

चकचकीत तबकडीचं जुनं एचएमटी घड्याळ ते हातातही घेत नाहीत. तबकडी नव्याने रंगवलेल्या अशा घड्याळांना संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुन्या वस्तूने जुनं दिसावं, एवढीच काकांची माफक अपेक्षा.

किमतीचं विचारलंत तर मात्र काका गुळमुळीत होतात. वय स्क्रू सांगतो, किंमत गिऱ्हाईक सांगतं, आणि हौशी गिऱ्हाइकं दोन असली तरच ती चढते. शंभर वर्षांची समई वजनावर जाते आणि साठ वर्षांच्या सिनेमाच्या पोस्टरवर लोक तुटून पडतात. सरकारी कायद्यात पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात, हस्तलिखिताला पंच्याहत्तर. बाजारात 'अँटिक' व्हायला आजोबांनी वापरलेलं असलं तरी भागतं.

काकांचं दैवत म्हणजे दिनकर केळकर. केळकरांनी दारोदार फिरून अडकित्ते, दिवे, दारं गोळा केली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. काकांचाही संग्रह वाढतो आहे. तो देऊन टाकायची तयारी सध्या फक्त काकूंची आहे.

परवा काकांनी एक घंगाळ आणलं. काळपट, काठाला हिरवी झाक, कड्या जाडजूड. "पेशवाई," काका कुजबुजले, "निदान उत्तर पेशवाई. या रंगाला पॅटिना म्हणतात, हात लावायचा नाही." एवढं बजावून ते आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा काकूंनी चिंच-मीठ लावून घंगाळ लख्ख केलं होतं आणि चष्मा लावून त्याच्या काठावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वाचत होत्या.

"चि. बंडूच्या मुंजीनिमित्त मावशीकडून सप्रेम भेट, 12-5-1978."

काकांनी भिंग काढलं. काठ दोनदा, तीनदा न्याहाळला.

"नाव नंतर घातलंय," ते म्हणाले.