ब्रुनोची राखण

(रंगमंचावर एक खुर्ची. बाजूला पालथं घातलेलं डालगं.)

कुत्रा आणि कोंबड्या एका अंगणात सुखाने नांदतात, असं सांगणारा माणूस हमखास पुण्याचा असतो. त्याच्याकडे अंगणही नसतं, कोंबड्याही नसतात. बाल्कनी असते. (मागे बघत) मागच्या रांगा हसल्या नाहीत. कोथरूड का? बसा, बसा. तिकीट काढलंय तुम्ही.

आमचा मेव्हणा तिकडचाच. वन बीएचके फ्लॅट आणि त्यात लॅब्राडोर, ब्रुनो. सोसायटीची नोटीस आली आणि त्याला एकाएकी आठवलं, ताईचं कुडाळला घर आहे. (नाकातून) “भाऊजी, लॅब म्हणजे जेंटल जायंट हो! त्याला स्पेस लागते. तुमच्याकडे किती स्पेस पडलीय!”

पडलीय? अरे, त्या स्पेसमध्ये आईच्या कोंबड्या राहतात!

आणि कोंबड्यांचं राज्य म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत. नॉर्वेत एक गृहस्थ होऊन गेले, थोर्लिफ श्येल्डरुप... श्येल्ड... (पाणी पितो) एब्बे. लहानपणापासून कोंबड्या बघत बसले आणि 1921 साली त्यावर प्रबंध लिहिला. काय, तर कोणी कोणाला चोच मारायची, याचा कळपात क्रम ठरलेला असतो. पहिली सगळ्यांना मारते, शेवटचीला सगळ्या मारतात. यावर प्रबंध! एकत्र कुटुंबात लग्न करायचं होतं, फुकटात कळलं असतं.

आमच्याकडचा क्रम सांगतो. सगळ्यात वर आईची काळी कोंबडी. खुडूक बसली की 21 दिवस तिच्या वाटेने देवसुद्धा जात नाही. मग आई. मग बायको. मग बाकीच्या कोंबड्या. मग मोती, आमचा गावठी कुत्रा. मग मी. ब्रुनो आला तेव्हा म्हटलं, चला, कोणीतरी आपल्या खाली आलं. (थांबून) तो थेट मोतीच्या वर जाऊन बसला.

मोती हुशार. पिल्लू असताना काळीने नाकावर एक दिली, तेवढ्यात शिक्षण पूर्ण. आता समोरून कोंबडी गेली की कचेरीतल्या साहेबासारखा छताकडे बघतो.

आई कोंबड्यांशी बोलते. बाबा गेल्यावर सवय लागली. मी तेव्हा मुंबईत. माझा फोन म्हणजे काय, “जेवलीस? गोळी घेतलीस? बरं, ठेवतो.” एकदा न सांगता गावी आलो आणि पडवीतून ऐकलं. तांदळाची कणी टाकता टाकता काळीला सांगत होती, गुडघ्याची सूज उतरत नाही, रात्री झोप लागत नाही, मुलगा फोन करतो हो, पण त्याला घाई असते. (शांतता.) मला ठाऊक नव्हतं ते सगळं त्या कोंबडीला ठाऊक होतं.

(एकदम) आणि ती कोंबडी ते सगळं शेजारच्या काकीला सांगायची! नाहीतर माझा पगार वाडीत कळला कसा?

ही काकी. (पदर खोचून, हात कमरेवर) “रे झिला! माझी कोंबी तुझ्या खळ्यात काय करता?”

आता लॅब्राडोर ही जात घडवली कशासाठी? गोऱ्या साहेबाने बदक पाडायचं, कुत्र्याने पाण्यातून उचलून आणायचं, आणि दात लागू द्यायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं वळण ते. साहेब गेला, बंदूक गेली. कुडाळात पडून पडून काय पडणार? नारळ. मग ब्रुनोने स्वतःच धंदा काढला. काकीच्या परसातून कोंबडी उचलायची आणि माझ्या पायाशी आणून ठेवायची. जिवंत, अखंड, फक्त ओली. आणि अपमानित.

“काकी, त्याने काही केलं नाही हो तिला.”

“काय नाय केल्यान तर ती भिजली कशी? पावस काय फक्त तुझ्या कुत्र्याच्या तोंडात पडता? धसको घेतल्यान तिना! अंडी घालूची बंद झाली!”

गावठी कोंबडी वर्षाला फार तर 60-70 अंडी घालते. काकीने मागितलेल्या भरपाईत ती दिवसाला दोन घालत होती. मेव्हण्याला फोन केला. (नाकातून) “भाऊजी, दॅट्स हिज इन्स्टिंक्ट! एन्जॉय करा!”

आणि आली राखण, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवचाराला कोंबड्याचा मान. वडाखाली अख्खी वाडी, काकी बांधावर. कोंबडा काकीचा. तांबडा, तुरेवाला, पाय बांधून ठेवलेला. घरोघर वडे तळतायत. गाऱ्हाणं घालायला गावकर पुढे झाले. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजाऽऽ!”

“होय म्हाराजा!”

“आज ह्या लेकरांनी तुझी राखण मांडलेली आसा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“चाकरमान्याक गणपतीक रेल्वेचा तिकीट गावंदे रे म्हाराजा!”

(घसा फोडून) “होय म्हाराजाऽऽ!”

“आणि ह्यो कोंबो तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तो सुखान घेवन जा रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

डोळे उघडले. (जमिनीकडे बघतो. वर बघतो. पुन्हा जमिनीकडे.) कोंबडा नाही.

गावकरांना घाम फुटला. जन्मभर गाऱ्हाणी घातली, पण इतका हातोहात निकाल कधी लागला नव्हता! बांधावरून काकी, “पावलो! देव सोता येवन घेवन गेलो!” सगळे जमिनीवर लोटांगण. आणि त्या लोटांगणातून एक बारीक आवाज, “मगे... आता वडे कशावांगडा खातलंव?”

त्या रात्री वाडीने काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर वडे खाल्ले. भक्तिभावाने. पण देवाचं नाव घेताना दात जरा आवळलेले.

मी घरी आलो. पायरीवर ब्रुनो, शेपटी पंख्यासारखी सुरू. पुढ्यात कोंबडा. ओला.

परत न्यावा, तर देव खोटा. ठेवावा, तर मी चोर. कापावा... आई म्हणाली, देवाने परत धाडलेल्याला सुरी लावायची नाही. घातला डालग्याखाली. (डालग्यावर बसतो.) कोंबडं झाकलं म्हणून... म्हण तुम्हाला पाठ आहे. ती ज्याने केली त्याने हाच कोंबडा झाकला असणार. पहाटे चार वाजता, (पूर्ण ताकदीने) कुकुचकूऽऽ!

काकीच्या खिडकीत दिवा. “ह्यो माझो कोंबो!”

बांध ओलांडून आली. कोंबड्याकडे बघितलं. ब्रुनोकडे बघितलं. चप्पल काढली. मी डोकं झाकलं. तर बाईने हात जोडले. ब्रुनोला! “तू देवचाराच्या चाकरीक आसस, माका ठावक नाय होता रे बाबा! बा ब्रुनो म्हाराजा, माझ्या कोंबयेक पुन्ना तोंडात धरू नको रे म्हाराजा!”

पडवीतून आई, “होय म्हाराजा!”

आता वाडीत त्याच्यावाचून पान हलत नाही. बाहेर पडलेली कोंबडी संध्याकाळी खुराड्यात आली नाही, तर लोक त्याला मान देऊन न्यायला येतात. मोती छताकडे बघतो. मी अजून शेवटचाच.

परवा मेव्हण्याचा फोन. (नाकातून) “भाऊजी, सोसायटीची कमिटी बदलली. ब्रुनोला न्यायला येतोय!” मी म्हटलं, एक मिनिट हं. आणि फोन काकीकडे दिला.

(पदर खोचून) “कोण रे तू? खयसून बोलतंस? कोथरूड? देव न्हेवचो आसा तुका?... आधी कोंबो घेवन ये!”

(अंधार.)