लाल दिव्याचे मानकरी

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. ते गेले कुठे, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याने पावसाळ्यात पेण किंवा रोह्यातल्या एखाद्या घरात डोकावावे. टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डब्यावर, 'एलओएस' या अक्षरांपाशी, तो दिमाखात लुकलुकताना दिसेल. फरक एवढाच, की मंत्र्याचा दिवा दिसला की रस्ता मोकळा व्हायचा. हा दिसला की सगळेच ठप्प.

दिवा लागताच घरात चौकशी समिती बसते. पहिला आरोपी ठरलेला, शाळकरी पोरगा. "तूच कसलातरी गेम टाकला असशील!" दुसरा आरोपी कॉम्प्युटर. शेजारच्या काकांचा भाचा धाटावच्या एमआयडीसीत 'कॉम्प्युटरवर' असल्यामुळे काका तज्ज्ञ म्हणून हजर होतात आणि चहा संपता संपता निकाल देतात, "फॉरमॅट मारा."

मग ग्राहक सेवा.

"सर, राउटर बंद करून चालू करा."

"केला."

"मग तुमच्या कॉम्प्युटरमध्येच प्रॉब्लेम असणार, सर."

"अहो, डब्यावर लाल दिवा लागलाय!"

"मग ॲपवर ऑनलाइन तक्रार नोंदवा, सर."

वास्तविक कॉम्प्युटर बिचारा खरे तेच सांगत असतो, विचारणारा हवा. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पिंग १२७.०.०.१' लिहिले की तो स्वतःलाच हाक मारतो आणि स्वतःच ओ देतो. (सरकारी आढावा बैठका याच तत्त्वावर यशस्वी होतात.) ओ आली तर आतली व्यवस्था शाबूत. पुढची हाक राउटरला, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ ला. तिथूनही उत्तर आले तर घरातली वायर आणि वायफाय निर्दोष सुटले. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, पठ्ठ्याने स्वतःच बनवून घेतला. वायर घट्ट बसवून राउटर पुन्हा चालू करावा. बाहेरच्या जगातला ८.८.८.८ उत्तर देतो पण साइटचे नाव टाकल्यावर काही उघडत नाही, तर घोळ नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा. आणि एलओएस लाल असेल, तर डब्यामागची बारीक वायर दुमडली किंवा सैल झाली नाही ना, तेवढे पाहून हात झटकावेत. फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. गुन्हा घराबाहेर घडला आहे.

तपास मग केबलवाला पोरगा एका वाक्यात संपवतो. "काका, जेसीबीने फायबर तोडली, स्प्लायसिंगवाला वडखळला अडकलाय." १२५ मायक्रॉन जाडीची काच ती, जेसीबीच्या दाताला कळणार कशी? आणि जोडणारा तरी वेळेवर येणार कसा? वडखळवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायला २०११ मध्ये घेतला. त्या साली जन्मलेल्या पोरांना आता मिसरूड फुटले.

तोवर हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगून तयार, पण त्याचा फोटो काही गिऱ्हाइकाकडे जात नाही. सातबारा ऑनलाइन, केवायसी ऑनलाइन, लाइन मात्र खड्ड्यात.

यावरही सरकारने ॲप काढले आहे. 'कॉल बिफोर यू डिग', २०२३ पासून. खणण्याआधी ॲपवर कळवायचे, म्हणजे जमिनीखाली ज्याची केबल किंवा पाइप असेल त्याला आगाऊ वर्दी जाते. जेसीबीवाल्याला विचारले तर तो म्हणतो, "शेठने इथं खण म्हटलं, मी खणलं." शेठला विचारायला जावे, तर शेठ कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

तेव्हा पेणकर-रोहेकरांनो, पोराला आणि कॉम्प्युटरला निर्दोष सोडा. दिव्याचा फोटो काढा, नेट गेल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि जितके दिवस बंद तितक्या दिवसांचे भाडे बिलातून वजा करून मागा. खणणाऱ्याला आधी विचारा, ॲपवर कळवले होते का? आणि फॉरमॅट मारायचाच असेल, तर रस्ता खोदण्याच्या परवानगीच्या कागदाला मारा.